समुद्र पाहिला, गाव पाहिले नाही

आम्हां नाशिककरांच्या वाट्याला समुद्र आलेला नाही. गोदावरी जेथे उगम पावते तेथून अरबी समुद्र फार दूर नाही. पण नदीही त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस निघून जाते. त्यामुळेच असेल, मे महिन्यात अथवा नाताळच्या सुटीत नाशिककराचे पाऊल घाट उतरून अलिबाग, दापोली, तारकर्ली, कळंगुट अशा दिशेने वळते. आठ दिवसांनी मंडळी परततात ती काजू, कोकम आणि एक तक्रार घेऊन. टॅक्सीवाल्याने लुबाडले, खानावळीत कोणी धड बोलले नाही, तिकडची माणसे आळशी आणि तुसडी. तिकडच्या माणसांचे आपल्याविषयी काय मत झाले, हे मात्र कोणी सामानात बांधून आणीत नाही.

ह्या तक्रारींचा विचार आम्ही येथे साहित्याच्या अंगाने करू इच्छितो. कारण आमची अशी समजूत झाली आहे की, किनाऱ्यावर उतरण्यापूर्वीच आपण तो किनारा पुस्तकांत व पडद्यावर पाहिलेला असतो, आणि तेथे कसे वागायचे हेही बऱ्याच अंशी तेथेच शिकलेले असतो.

आपल्याकडील प्रवासवर्णने घ्या. दिवाळी अंकांतून दरवर्षी येणाऱ्या कोकण-गोव्यावरील लेखांचे एक ठरीव व्याकरण आहे. लाल माती, माडांची बने, निळाशार दर्या, केवड्याचा गंध, पानातले ताजे मासे. माणूस येतो तो बहुधा मासे वाढण्यापुरता किंवा रस्ता दाखवण्यापुरता. आणि बोललाच तर दोन गमतीदार वाक्ये बोलून तो बाजूला होतो. उदाहरणे देऊन कोणास दुखवण्याची आमची इच्छा नाही, आणि आमच्याही जुन्या वह्यांत असे दोन लेख सापडतील.

बा. भ. बोरकरांची गोष्ट निराळी होती. ‘माझ्या गोव्याच्या भूमीत’ ही त्यांची कविता महाराष्ट्रात घरोघर पोहोचली. तिच्या शीर्षकातला ‘माझ्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. घरच्या माणसाने घराचे गुण गावेत, त्यात कृतज्ञता असते. पण तेच गुणगान पाहुण्याच्या तोंडी आले आणि पुढे पर्यटनाच्या जाहिरातीचा सूर झाले, तेव्हा ‘माझ्या’ हा शब्द गळून पडला आणि मागे राहिली ती निव्वळ ‘भूमी’: कोणाचीच नसलेली, म्हणून कोणीही वापरावी अशी.

चित्रपटाने तर याहून अधिक केले. १९७३ च्या ‘बॉबी’मधला जॅक ब्रागांझा आठवा. प्रेमनाथांनी तो मोठ्या जोमाने उभा केला, हे मान्यच. पण कोळीवाड्यातला ख्रिस्ती माणूस म्हणजे हाती बाटली, ओठी गाणे आणि मोडकीतोडकी हिंदी, हे चित्र हिंदी पडद्यावर जे ठसले ते पुष्कळ वर्षे पुसले गेले नाही. २००१ मध्ये ‘दिल चाहता है’ आला, आणि शापोराच्या जुन्या किल्ल्याला तरुण मंडळी त्या चित्रपटाच्याच नावाने ओळखू लागली. हा किल्ला कोणी बांधला, त्याच्या पायथ्याच्या गावात कोण राहतो, हे प्रश्न कोणास पडले नाहीत. जेथील माणसे सदैव पिऊन नाचत असतात असे आपणांस शिकवले गेले आहे, तेथे आपण रस्त्यावर बाटली फोडली तर कोणास राग येईल, असे आपल्याला वाटतच नाही. गोवेकराचा राग पाहुण्याला अनपेक्षित वाटतो, त्याचे एक कारण हे आहे.

वस्तुतः हा राग जुना आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यास युरोपातून थेट दाबोळीस उतरणारी भाड्याची विमाने सुरू झाली, तेव्हा ‘जागृत गोंयकारांची फौज’ या गटाने परदेशी पर्यटकांच्या हाती निषेधाची पत्रके दिली. १९८७ च्या सुमारास त्यांच्या बसगाड्यांवर शेणही फेकले गेले. पुढे रागाचा रोख बदलला. २०१८ मध्ये गोव्याच्या एका मंत्र्याने देशी पर्यटकांविषयी जाहीर व्यासपीठावर असा काही शब्द वापरला की मोठे वादळ उठले, आणि २०१९ मध्ये किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणे व स्वयंपाक करणे यांवर दंड बसवणारी कायद्याची दुरुस्ती झाली. तीस वर्षांपूर्वी विमानातून उतरणारा गोरा नकोसा होता. आता बसमधून शेगडी घेऊन उतरणारा आपला माणूस नकोसा झाला. या बदलात थोडा पैशाचा तोरा आहे, हे गोवेकर मित्रांनी आमच्यावर न रागावता मान्य करावे. पण आकडेही पाहावेत. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती, आणि २०१९ या एका वर्षात तेथे आलेले पर्यटक ८० लाखांच्या घरात होते. घरात पाच माणसे आणि वर्षभरात सत्तावीस पाहुणे, असा हा हिशेब आहे.

येथे रापणीविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या तंट्याचे मूळ तिच्यात जितके स्पष्ट दिसते तितके इतरत्र दिसत नाही. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे लांबच लांब जाळे. होडी ते समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकीत जाते, आणि दोन्ही टोकांचे दोर धरून वीस-तीस, कधी त्याहून अधिक माणसे ते वाळूवर ओढून घेतात. त्यांत म्हातारे असतात, पोरेही असतात, आणि आलेल्या मासळीत प्रत्येकाचा वाटा असतो. या कामाला मोकळा किनारा लागतो. तेथेच खाटा मांडल्या, छत्र्या रोवल्या, पाण्यावरच्या स्कूटर फिरू लागल्या की दोर ओढावयास जागा उरत नाही. पर्यटकाला जी रिकामी वाळू दिसते ती रापणकाराचे शेत आहे, आणि पिकात गुरे शिरल्यावर कुणबी जसा ओरडतो तसाच तो ओरडतो. आम्ही वाचलेल्या मराठी प्रवासलेखांत रापण अनेकदा येते. पण ती सूर्यास्ताच्या चित्रातली काळी रेघ म्हणून येते, मासळीच्या वाटणीसह क्वचितच.

मग मराठीत किनाऱ्यावरचा माणूस पाहुण्याकडे उलट पाहतो असे कोठेच नाही काय? आहे, आणि ते उत्तम आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’स १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, त्यातला अंतू बर्वा आपण सारे हसत हसत वाचतो. तो पर्यटनावरचा लेख नाही, हे आम्ही जाणतो. परंतु बाहेरून आलेल्या, यशस्वी, सुखवस्तू माणसाला रत्नागिरीतला एक कफल्लक म्हातारा आपल्या तिरकस प्रश्नांनी तोलतो, हीच त्या लेखाची घडण आहे. पाहणारा तो आहे, आणि पाहिला जातो तो मुंबईकर निवेदक. घरात वीज का घेतली नाही याचे अंतू जे कारण देतो, उजेड पडून दिसणार ते दारिद्र्यच, अशा अर्थाचे, तेथे आपले हसू अडखळते. पु. लं.नी पाहुण्याला शहाणा ठरवण्याचा मोह टाळला, म्हणून तो लेख टिकला.

जयवंत दळवींचे ‘सारे प्रवासी घडीचे’ याच्याही पुढे जाते. वेंगुर्ले तालुक्यातील आरवली हे दळवींचे गाव. शीर्षकातले ‘प्रवासी’ हे बाहेरून आलेले लोक नव्हेत. गावातलीच हट्टी, विक्षिप्त, करुण माणसे आहेत, आणि ती घडीची आहेत कारण माणूसच घडीचा आहे. आज त्या पुस्तकाकडे पाहताना मन चमकते. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. १९९८ पासून कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. आरवलीच्या शेजारी शिरोडे, वि. स. खांडेकरांनी जेथे शिक्षकी केली आणि १९३० मध्ये जेथे मिठाचा सत्याग्रह झाला ते हे गाव. तेथील वेळागरच्या किनाऱ्यावर पंचतारांकित हॉटेलासाठी जमिनी घेण्याचा प्रश्न अनेक वर्षे धुमसत राहिला, आणि ग्रामस्थ मोजणीला आडवे येत राहिले. मालवण तालुक्यात वायंगणी-तोंडवळी येथे ‘सी-वर्ल्ड’च्या योजनेलाही गावाने असाच विरोध केला. दळवींच्या गावकऱ्यांची नातवंडे आता दुसऱ्या अर्थाच्या प्रवाशांसमोर उभी आहेत, आणि त्यांचा दळवी अजून यावयाचा आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील तीस-पस्तीस मंडळी बसने गोव्यास गेली, त्यांत आम्हीही होतो. बारदेशातील किनाऱ्यालगतच्या एका गावी चर्चचे दार उघडे दिसले. वेदी पाहावी म्हणून आम्ही आत शिरलो; कोणाच्या डोक्यावर गवती टोपी, कोणाच्या पायांना ओली वाळू. दोघातिघांनी छायाचित्रे घेतली. मग ध्यानी आले की वेदीसमोर शवपेटी आहे. मागील बाकावरची एक वृद्ध स्त्री उठली आणि आमच्यातील एका मुलाच्या कॅमेऱ्यावर तिने नुसता तळहात ठेवला. ती एक शब्दही बोलली नाही. आम्हांस त्या क्षणी लाज वाटण्याआधी राग आला, हे कबूल केले पाहिजे. आम्ही काय परके आहोत? हाच मिस्सा, हाच क्रूस आमचाही नाही का? त्या रागाचा पुढे विचार करता करताच हा लेख मनात आकारू लागला.

त्या स्त्रीचे मन मराठी वाचकास कळावे म्हणून कोकणीकडे वळावे लागते. दामोदर मावजो हे माजोर्ड्याचे, म्हणजे पर्यटकांनी गजबजलेल्या किनारपट्टीतलेच. त्यांच्या ‘कार्मेलीन’ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुढे ज्ञानपीठही त्यांच्याकडे आले. कार्मेलीन घर चालवण्यासाठी कुवेतला मोलकरीण म्हणून जाते. कादंबरी पर्यटनाविषयी बोलत नाही, तरी आम्हांस ती या विषयावरची मार्मिक कृती वाटते: जगाला विसाव्यासाठी हवी असलेली भूमी आपल्याच लेकींना पोटासाठी बाहेर धाडते. शिवाय तियात्र आहेच. १८९२ मध्ये मुंबईत ‘इटालियन भुर्गो’ने त्याचा आरंभ झाला. त्यातील कांतारांनी राजकारणी, कॅसिनो, जमिनींचे दलाल, कोणालाच सोडलेले नाही. तियात्राची रचना ढोबळ असते, विनोद पुष्कळदा सवंग असतो. पण तेथे यजमान स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या पैशाने पाहुण्याविषयी बोलतो. हे बळ मराठीतल्या सुबक ललित लेखाजवळ नाही.

तथापि गाऱ्हाण्याचे साहित्यही आम्हांस पुरेसे वाटत नाही. वसईकडील आमच्या लेखक बांधवांनी ‘हरित वसई’च्या चळवळीच्या काळापासून बिल्डर, टँकर आणि हरवलेल्या वाड्यांविषयी तळमळीने लिहिले. रविवारी अर्नाळा-राजोडीच्या वाटा अडवणाऱ्या गाड्यांविषयीही तेथे रोज बोलले जाते. पण ज्याने वाडीत चार खोल्या बांधून त्या गाड्यांतल्या लोकांना दिल्या तो शेजारी, तो चुलतभाऊ, कथेत येत नाही. आला तर खलनायक म्हणून येतो. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेत कोकणातल्या कितीतरी घरांची माजघरे पाहुण्यांसाठी उघडली. ज्या खोलीत आजीने प्राण सोडला तेथे आता अनोळखी जोडपे उतरते. सून सकाळी घावणे घालते, त्या पैशांवर मुलाचे अभियांत्रिकीचे शुल्क भरते, आणि रात्री त्यांचा गोंगाट ऐकत जागी राहते. पाहुणा तिला हवाही आहे आणि असह्यही आहे. ही सून आमच्या साहित्यात कोठे आहे? पर्यटकाला राक्षस करून लिहिणे सोपे. तिच्या मनातले हे दोन्ही धागे एकत्र धरणे कठीण, आणि कादंबरी तेथूनच सुरू होईल.

आम्हां नाशिककरांना हे लिहिता येऊ नये असेही नाही. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेस मुंबई, वसई, गोव्याहून भाविकांची रीघ लागते, तेव्हा आम्ही यजमान होतो आणि रिक्षाचे भाडे वाढते. गंगापूर धरणाकडील द्राक्षमद्याच्या मळ्यांकडे शनिवारी मुंबईच्या गाड्या वळल्या की कपाळाला आठ्या घालणारेही आम्हीच. एका यात्रेच्या वेळी मडगावची एक बाई आमच्याकडे उतरली होती. तिला आम्ही हौसेने ते मळे दाखवले. हिरव्या रांगा, पलीकडे पाणी, मागे डोंगर. तिने बराच वेळ पाहिले आणि विचारले, “ही द्राक्षे तोडणारी माणसे राहतात कुठे?” पेठ-सुरगाण्याकडून पुष्कळ येतात, एवढेच आम्हांस सांगता आले.