ड्युएट कॉन्सर्टिना : नवशिक्याच्या बाजूने एक परामर्श

वाद्याची चर्चा आपल्याकडे बहुधा थोर वादकांच्या निमित्ताने होते. ज्याने ते वाद्य नुकतेच हाती घेतले आहे, त्याच्या बाजूने त्याकडे क्वचितच पाहिले जाते. वस्तुतः रचनेतील गुणदोष प्रथम उघडे पडतात ते नवशिक्याच्या बोटांखालीच. कसलेल्या वादकाने ते सवयीने झाकून टाकलेले असतात. याच दृष्टीने ड्युएट कॉन्सर्टिना या इंग्लिश वाद्याचा येथे आम्ही विचार करीत आहोत. हे वाद्य आपल्याकडे फारसे दिसत नाही. तथापि ज्या घरांतून हार्मोनियमचा भाता पिढ्यान्‌पिढ्या हलत आला आहे आणि ज्यांच्या गायकवृंदांना चार आवाजांत गाण्याचा परिचय आहे, त्यांना या वाद्याने उभे केलेले प्रश्न परके वाटणार नाहीत.

शाळेत पदार्थविज्ञान शिकलेल्यांना ‘व्हीटस्टन ब्रिज’ ठाऊक असतो. ज्याच्या नावाने तो ओळखला जातो, तो चार्ल्स व्हीटस्टन (१८०२–१८७५) हाच इंग्लिश कॉन्सर्टिनाचाही जनक होय. १८२९ आणि १८४४ या सालांतील त्याची पेटंटे या वाद्याच्या इतिहासाचा पाया आहेत. वाद्य बहुधा षट्‌कोनी; मध्ये घडीचा भाता, दोन्ही टोकांना बटणे आणि आत धातूच्या पातळ जिभा, म्हणजे रीड. हवेच्या दाबाने रीड कंप पावते व स्वर निघतो. या अर्थाने कॉन्सर्टिना आणि आपली हार्मोनियम ही एकाच कुळातील भावंडे आहेत.

कॉन्सर्टिनाचे तीन प्रमुख प्रकार आहेत. ‘इंग्लिश’ प्रकारात सप्तकातील स्वर आळीपाळीने डाव्या व उजव्या हाताकडे वाटलेले असतात. ‘अँग्लो’ प्रकारात एकच बटण भाता दाबताना एक स्वर देते व ओढताना दुसरा. ‘ड्युएट’ प्रकारात खर्जाकडचे स्वर डाव्या हाताकडे आणि वरचे उजव्या हाताकडे असतात, मधले काही स्वर दोन्हीकडे सामाईक असतात आणि भाता कोणत्याही दिशेने जात असला तरी बटणाचा स्वर बदलत नाही. दोन हातांनी दोन स्वतंत्र गोष्टी बोलता याव्यात, हा ‘ड्युएट’ या नावाचाच आशय आहे. नवशिक्याला दिलेले हे वचन वाद्य कितपत पाळते, हा आमच्या परामर्शाचा मुख्य प्रश्न आहे.

पहिली अडचण बटणांच्या मांडणीची. ड्युएट ही एक पद्धत नसून अनेक पद्धतींचे कुटुंब आहे, आणि या कुटुंबातील भावंडांचे एकमेकांशी पटत नाही. प्लिमथच्या जॉन हिल मॅकॅन याने १८८४ मध्ये आपल्या मांडणीचे पेटंट घेतले. विसाव्या शतकाच्या आरंभी अलेक्झांडर प्रिन्स या वादकाने ध्वनिमुद्रिकांच्या द्वारे हिला कीर्ती मिळवून दिली. १८९६ मध्ये बटरवर्थ याने दुसरी मांडणी सुचविली. ती लिव्हरपूलच्या क्रेन पेढीच्या नावाने प्रसिद्ध झाली. महाराष्ट्राला १८८२ पासून परिचित असलेल्या मुक्तिफौजेने इंग्लंडात हीच मांडणी स्वीकारली व तिला ‘ट्रायम्फ’ हे नाव दिले. चौकात उभे राहून चार आवाजांतील स्तोत्र वाजवावयाचे, तर हातात मावणारे असे दुसरे वाद्य सहज सापडले नसते. १८९६ मध्येच कास्पर विकी या स्विस गृहस्थाने आणखी एक मांडणी नोंदविली होती. ब्रायन हेडन या इंग्लिश माणसाला १९६३ मध्ये स्वतंत्रपणे तीच कल्पना सुचली व १९८६ मध्ये त्याचे पेटंट झाले. ज्याने यांपैकी एक पद्धत आत्मसात केली, त्याला दुसऱ्या पद्धतीचे वाद्य हाती येताच पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागतो. यास्तव वाद्य निवडणे हाच येथे पहिला आणि बहुधा कायमचा निर्णय ठरतो.

या मांडण्यांचे मूल्यमापन करताना बुद्धीचा कौल आणि हाताचा कौल हे वेगळे मोजावे लागतात. मॅकॅनची मांडणी कागदावर पाहिली तर तर्कशून्य भासते. एका सप्तकात शिकलेली वाट दुसऱ्या सप्तकात तशीच सापडेल याची खात्री नसते. मात्र तिची जुनी, चांगल्या घडणीची, भरपूर बटणांची वाद्ये इतर प्रकारांच्या मानाने स्वस्त मिळत आली आहेत, हा तिचा व्यावहारिक गुण. क्रेन मांडणीत प्रत्येक हाताला पाच उभ्या रांगा असतात. मधल्या तीन रांगांत शुद्ध स्वर व कडेच्या दोन रांगांत काळ्या पट्टीचे स्वर. साध्या पट्टीतील स्तोत्रे शिकणाऱ्याला ही रचना लवकर उमगते.

हेडनची मांडणी मात्र बुद्धीला मोहविणारी आहे. एका ओळीतील शेजारच्या बटणांत नेहमी एका पूर्ण स्वराचे अंतर असते. एका ओळीत सा, रे, ग; वरच्या ओळीत म, प, ध, नी; त्याच्या वर पुन्हा सा, रे, ग. कोणताही स्वर षड्ज मानला तरी बोटांची वाट तीच. हार्मोनियमवर पट्टी बदलताना ज्याची बोटे अडखळली आहेत, त्याला या सोयीचे मोल सांगावयास नको. आज नवशिक्यांसाठी नव्याने बनणारी माफक किमतीची ड्युएट वाद्ये प्रामुख्याने याच पद्धतीची असतात, हे स्वाभाविक आहे.

पण या तर्कशुद्धतेची स्तुती करणारे दोन गोष्टी सांगावयास विसरतात. पहिली ही की बटणे मर्यादित असतात आणि वाद्याच्या कडेशी ही सुंदर आकृती तुटते. नवशिक्यांच्या ३४ बटणांच्या वाद्यात तर काही कोमल-तीव्र स्वर मुळातच नसतात. ज्याला चार आवाजांतील स्तोत्र वाजवावयाचे आहे, त्याला नेमका तोच स्वर एखाद्या दिवशी हवा असतो व तो तेथे नसतो. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. दोन्ही हातांची मांडणी कागदावर सारखी असली, तरी हात सारखे नाहीत. उजव्या हाताचा खालचा स्वर तर्जनीखाली येतो, तर डाव्या हाताचा करंगळीखाली. म्हणजे उजवा हात सबळ बोटाने सुरुवात करतो आणि डावा दुबळ्या बोटाने. आकृती एक असूनही श्रम दोन आहेत. नवशिक्याची डावी बाजू मागे पडते, तेव्हा त्याला आळशी ठरविण्यापूर्वी शिक्षकाने हे ध्यानी घ्यावयास हवे. त्यात ही बटणे वाद्याच्या टोकांना असल्यामुळे वाजविताना ती दिसतही नाहीत. हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर नजर टाकून सावरण्याची सोय येथे नाही.

आता शिकविण्याच्या प्रचलित रीतीकडे वळू. आरंभीचे बरेच मार्गदर्शन एकाच ठराविक क्रमाने जाते : आधी उजव्या हाताने चाल पक्की करावी आणि मग डाव्या हाताने तीन-तीन स्वरांचे कॉर्ड ठोकून साथ द्यावी. पियानोच्या शिकवणीतून ही सवय आली असावी. आमच्या मते ही रीत या वाद्याच्या प्रकृतीला मानवत नाही. कारण उघड आहे. पियानोवर डावा हात हळू व उजवा जोराने वाजविता येतो. ड्युएटमध्ये दोन्ही हातांना एकच भाता हवा पुरवितो. एका हाताचा आवाज वाढवून दुसऱ्याचा कमी करण्याचे स्वातंत्र्य नसते. डाव्या हाताने तीन रीड उघडल्या आणि उजव्याने एक, तर चाल साथीखाली बुडते. खर्जाच्या रीड हवाही अधिक खातात आणि बोलण्यास किंचित विलंब लावतात, त्यामुळे भाता लवकर संपतो व चालीचे वाक्य मध्येच तुटते. नवशिक्याला वाटते, आपल्यात संगीत नाही. दोष त्याचा नसून क्रमाचा आहे. कित्येक वाद्ये अशाच गैरसमजातून पेटीत बंद झाली असतील.

यावर उपाय आहे आणि तो वाद्याच्या घडणीतच दडलेला आहे. जेथे आवाज कमी करता येत नाही, तेथे स्वर कमी करावेत आणि ते थोडाच वेळ धरावेत. तीन स्वरांच्या कॉर्डऐवजी दोन, अनेकदा एकच. साथीचा स्वर तोलून उच्चारावा आणि लगेच सोडावा, म्हणजे चालीला जागा मिळते. ज्याला ही काटकसर साधली, त्याची साधी चालही ऐकावीशी वाटते.

म्हणून आम्ही वेगळा क्रम सुचवू. डावा हात पहिल्या आठवड्यापासूनच कामाला लावावा. आरंभी दोन्ही हातांनी एकच सोपी चाल, एका सप्तकाच्या अंतराने. त्यानंतर डाव्या हाताने केवळ षड्ज धरून ठेवावा व उजव्याने चाल वाजवावी. तानपुऱ्यावर वाढलेल्या आपल्या कानांना ही पायरी जवळची वाटेल. मग परिचित स्तोत्रातील फक्त सोप्रानो आणि बास हे दोन आवाज घ्यावेत. हे दोन नीट चालू लागले की टेनर डाव्या हाताकडे व आल्टो उजव्याकडे सोपवावा. आल्टो कधी फार खाली उतरला, तर सामाईक स्वरांमुळे तो डाव्या हाताला उचलून घेता येतो. ज्यांनी गायकवृंदात आपला आवाज सांभाळून दुसऱ्याचा ऐकला आहे, त्यांना हा क्रम ओळखीचा आहे. फरक इतकाच की येथे सारा गायकवृंद एकाच माणसाच्या दोन हातांत बसतो.

भात्याविषयी चार शब्द अवश्य सांगितले पाहिजेत, कारण आरंभीच्या पाठांत त्याची उपेक्षा होते. आपल्या हार्मोनियमच्या पोटात हवा साठविणारा दुसरा भाता असतो. हाताची हालचाल थोडी असमान झाली तरी तो सांभाळून घेतो. कॉन्सर्टिनाला असा मध्यस्थ नाही. हाताचा प्रत्येक धक्का, प्रत्येक संकोच थेट स्वरात उतरतो. अँग्लो वाजविणाऱ्याला भात्याची दिशा स्वरच ठरवून देतात. ड्युएट वाजविणारा ती कोठेही बदलू शकतो. या मोकळिकीमुळेच नवशिका ती हवा संपेल तेथे बदलतो, आणि शब्दाच्या मध्येच श्वास घेणाऱ्या गायकासारखी त्याची चाल तुटक ऐकू येते. गीताचे शब्द मनात म्हणत, ओळीच्या शेवटी भाता वळविण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावली, तर पुढील पुष्कळ श्रम वाचतात.

एकंदरीत पाहता, ड्युएट कॉन्सर्टिना आपले वचन पाळते, पण उशिरा पाळते. झटपट फळ हवे असणाऱ्याने हिच्या वाटेला जाऊ नये; एकट्या चालीसाठी इंग्लिश प्रकार पुरेसा आहे. ज्याला एकाच वेळी दोन आवाज ऐकावयाचे आहेत, त्याने मांडणीच्या वादात फार काळ न घालविता सुस्थितीतील, सर्व स्वर असलेले आणि शक्यतो चाळिसांहून अधिक बटणांचे वाद्य घ्यावे व त्याच्याशी एकनिष्ठ राहावे. तर्काच्या कसोटीवर आम्ही हेडनला पहिला क्रमांक देऊ, स्तोत्रांच्या सोयीसाठी क्रेनला, आणि जुन्या कारागिरीसाठी मॅकॅनला. परंतु कोणत्याही मांडणीने डाव्या हाताचे काम हलके केलेले नाही. शिक्षकाने ते पहिल्याच पाठात सांगावे. खरे कष्ट आधी समजलेला विद्यार्थी सहसा वाद्य टाकून देत नाही.