‘गंगावतरण’ आणि अद्भुताचा आश्रय

एखादी चित्रमालिका लोकांच्या प्रेमाचा विषय झाली, की तिच्यातील सर्वांत दुबळी कृती कोणती याचा निकाल फार लवकर लागतो. आणि एकदा तो लागला, की त्याची कारणे तपासण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांच्या पौराणिक चित्रपटांच्या बाबतीत असेच घडले आहे. पाश्चात्त्य प्रेक्षकाच्या मनात विज्ञानकल्पित चित्रमालिकांना जे स्थान आहे, ते एके काळी मराठी प्रेक्षकाच्या मनात या पौराणिक पटांना होते. यंत्राच्या साहाय्याने अशक्य ते डोळ्यांपुढे उभे करणे, हे दोहोंचे समान लक्षण होय. या मालिकेत १९३७ चा ‘गंगावतरण’ हा सर्वांत कमजोर, असे मत रूढ आहे. हे मत मान्य करण्याजोगे आहे. परंतु त्याच्या पुष्ट्यर्थ जी कारणे दिली जातात, ती टिकणारी नाहीत.

प्रथम या निर्णयाची मर्यादा सांगितली पाहिजे. फाळक्यांच्या नावावर सुमारे ९५ चित्रपट सांगितले जातात आणि त्यांपैकी बहुतेक आज नष्ट झाले आहेत. नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीतून बाहेर पडलेल्या मूकपटांपैकी काही ‘गंगावतरणा’हूनही सामान्य असणे अशक्य नाही. जे नाहीसे झाले त्यांच्यावर दोषारोप करता येत नाही आणि त्यांची तरफदारीही करता येत नाही. म्हणून ‘सर्वांत कमजोर’ याचा अर्थ, ज्या कृतींनी मालिकेची कीर्ती घडविली त्या ‘लंकादहन’ (१९१७), ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) व ‘कालियामर्दन’ (१९१९) यांच्याशी ताडून पाहता कमजोर, एवढाच घेणे उचित ठरेल.

‘गंगावतरणा’च्या अपयशाची दोन कारणे नेहमी पुढे केली जातात. पहिले वयाचे. छत्रपती राजाराम महाराजांच्या आमंत्रणावरून कोल्हापूर सिनेटोनसाठी हा बोलपट करताना फाळके सदुसष्ट वर्षांचे होते. परंतु वय हे कर्त्याविषयी सहानुभूती उत्पन्न करते, कृतीविषयी काहीच सांगत नाही. दुसरे कारण काळाचे. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, पडदा बोलू लागला आणि पौराणिक चमत्कारांचे दिवस संपले, असे म्हटले जाते. हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. ज्या हरिश्चंद्रकथेने १९१३ मध्ये फाळक्यांनी आपल्या कार्याचा आरंभ केला, तीच कथा घेऊन १९३२ मध्ये प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट यशस्वी करून दाखविला. याच कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा, म्हणजे ‘गंगावतरणा’च्या केवळ एक वर्ष आधीचा. त्यात चमत्कार आहेत, आकाशमार्गे वैकुंठगमनही आहे. तरी तो प्रचंड लोकप्रिय झाला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपटमहोत्सवात गौरविला गेला. चमत्कारावर श्रद्धा ठेवणारा प्रेक्षक कोठे गेला नव्हता. तेव्हा दोषाचा शोध कृतीतच घ्यावयास हवा.

भरतमुनींनी अद्भुतरसाचा स्थायी भाव विस्मय हा सांगितला असून विस्फारलेले नेत्र, अनिमेष दृष्टी, रोमांच हे त्याचे अनुभाव म्हणून दिले आहेत. हे अनुभाव अलौकिक वस्तूच्या ठायी नसतात. ती वस्तू पाहणाऱ्याच्या ठायी असतात. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर, नुसत्या आलंबनाने अद्भुत सिद्ध होत नाही, त्याला आश्रय लागतो. फाळक्यांच्या उत्तम कृतींचे मर्म येथे आहे. ‘कालियामर्दना’त कृष्ण डोहात उडी घेतो, त्या वेळी पाण्याखालचे युद्ध आणि काठावर आक्रोश करणारे गोकुळ यांची दृश्ये आलटून पालटून येतात. डोहातील नाग कृत्रिम आहे हे उघड दिसते; परंतु काठावरची भीती खरी असल्यामुळे नागही खरा ठरतो. या पटाच्या आरंभी कृष्णाची भूमिका करणारी फाळक्यांची कन्या मंदाकिनी आपल्या मुद्रेवर विविध भाव दाखविते आणि मग कृष्णाच्या वेषात प्रकट होते. येथे युक्ती लपविण्याचा खटाटोप नाही, कारण भिस्त युक्तीवर नाही. ‘श्रीकृष्णजन्मा’त कंसाला दिसणारे भयंकर दृश्य हे सर्वस्वी त्याच्या भयातून जन्मते.

‘संत तुकारामा’तील शेवटच्या प्रसंगाचे सामर्थ्यही असेच आहे. विमान स्वर्गाकडे जाते. परंतु प्रेक्षकाचे मन खाली उभ्या असलेल्या आवलीपाशी राहते. संसाराच्या काळजीने गांजलेली, नवऱ्याच्या भक्तीवर सतत कुरकुरणारी ही बाई पाहते, म्हणून ते विमान उडते.

याउलट गंगावतरणाची कथावस्तू देवलोकीची आहे. सगरपुत्रांचा दाह, पिढ्यान्‌पिढ्यांचे तप, शंकराच्या जटांत कोंडलेला प्रवाह हे सर्व भव्य आहे. पण ते पाहून ज्याची छाती धडधडावी असा सामान्य मनुष्य त्यात नाही. भगीरथ तपस्वी आहे, त्याला विस्मय वाटण्याचे कारण नाही. आश्रयाचे स्थान असे रिकामे राहिल्यावर सारा भार युक्तिदृश्यांवर पडतो, आणि विषय पाण्याचा असल्यामुळे तो भार त्यांना पेलत नाही. पर्वताची, नगराची लहान प्रतिकृती करता येते. पाण्याची करता येत नाही, कारण थेंब आणि फेस लहान होत नाहीत. अधिक वेगाने चित्रण केल्यास हा दोष सौम्य होतो. परंतु बोलपटात संवादाचे चित्रण सेकंदाला २४ चौकटी या ठराविक गतीने करावे लागते, त्यामुळे बोलणारे पात्र आणि वेगाने चित्रित केलेले पाणी एकाच दृश्यात सहजी नांदत नाहीत. मूकपटाच्या काळी कॅमेऱ्याची कळ हाताने फिरविणाऱ्याला जी मोकळीक होती, ती येथे उरली नव्हती.

हा नियम पौराणिक पटांपुरताच आहे असे नाही. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेतील १९८९ चा पाचवा चित्रपट तिच्या चाहत्यांत सर्वांत कमजोर मानला जातो, आणि त्याचे खापर बहुधा कच्च्या युक्तिदृश्यांवर फोडले जाते. त्यात आकाशगंगेच्या केंद्रापाशी ईश्वर म्हणविणाऱ्या एका शक्तीची गाठ पडते. याच मालिकेतील १९८२ चा दुसरा चित्रपट लोकांच्या स्मरणात राहिला तो अवकाशातील युद्धामुळे नव्हे, तर काचेपलीकडे मरणाऱ्या मित्राकडे पाहणाऱ्या नायकामुळे. ईश्वर दाखविणे सोपे. त्याला पाहणारा दाखविणे कठीण.

नाशिककरांना ही गोष्ट विशेष उमजण्यासारखी आहे. येथे गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि फाळक्यांचा जन्म या गंगेच्या उगमाशी, त्र्यंबकेश्वरी, १८७० मध्ये झाला. त्या क्षेत्राची अवतरणकथा निराळी आहे. दुष्काळ, दर्भाच्या काडीने दगावलेली गाय, पापाच्या धास्तीने ब्रह्मगिरीवर तप करणारा गौतम आणि पुन:पुन्हा गुप्त होणाऱ्या नदीला त्याने कुशांनी अडविले ते कुशावर्त, अशी ती मनुष्याच्या मापाची कथा आहे. पुराचे माप घेण्याची नाशिकची रीतही अशीच आहे. पाणी किती घनफूट सुटले हे सांगून गावाचे समाधान होत नाही. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागले, छातीला लागले की गळ्याशी आले, हे विचारले जाते. पाण्याची भव्यता कळण्यास पाण्यात उभी अशी एक ओळखीची मूर्ती लागते. ‘गंगावतरणा’त अशी मूर्ती नाही.

म्हणून ‘गंगावतरण’ कमजोर आहे हा निर्णय कायम ठेवताना, तो वृद्धापकाळाचा किंवा गतकालीन कलेचा पराभव मानणे अन्यायाचे होईल. तसे मानल्यास ‘लंकादहन’ आणि ‘कालियामर्दन’ यांचे यशही केवळ नवलाईचे ठरते आणि त्यांच्या कर्त्याकडे निव्वळ आद्य यंत्रज्ञ म्हणून पाहिले जाते. आज युक्तिदृश्ये संगणकावर तयार होतात व पाण्याचे प्रचंड लोट विनासायास दाखविता येतात. त्यांची परीक्षा करतानाही, लोट किती मोठा याच्या आधी काठावर कोण उभे आहे हे पाहावे लागेल.