स्वर हीच संहिता : लोर्ना यांच्या जॅझगायनाचा विचार

खान्देशात लग्नसराई सुरू झाली की जळगाव आणि धुळे येथील रस्त्यांवरून वरातीपुढे बँड चालू लागतो. क्लॅरिनेट वा ट्रम्पेट गाण्याची ओळ उचलते, इतर पितळी वाद्ये तिला उत्तर देतात आणि ढोलताशा त्या संवादास गती देतो. ही वाद्ये आपल्याकडे युरोपीय लष्करी बँडांच्या द्वारे आली. तशाच बँडांची वाद्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरी कृष्णवर्णीयांच्या हाती गेली, त्यांच्या श्रमगीतांशी व भक्तिगीतांशी त्यांचा संयोग झाला आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी जॅझ हा संगीतप्रकार उदयास आला. तेव्हा जॅझचे नाव खान्देशी श्रोत्यास परके वाटले, तरी त्याचा नाद सर्वस्वी परका नाही. या नादाला कोकणी भाषेचा कंठ देणाऱ्या लोर्ना कोर्देरो यांच्या गायनाचा विचार येथे कर्तव्य आहे.

लोर्ना यांच्या गायनाची पार्श्वभूमी मुंबईत घडली. 1935 साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. त्या काळी गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले अनेक तरुण वादक उपजीविकेसाठी मुंबईत येत. त्यांनी जॅझ आत्मसात केले व पुढे तेच चित्रपटसंगीतात नेले. 1951 सालच्या ‘अलबेला’ चित्रपटात सी. रामचंद्र यांच्या चालींना चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाची साथ लाभली. ते संगीत गावोगावच्या बँडांनी वरातीत वाजविले. जॅझची लय अशा आडवाटेने ग्रामीण महाराष्ट्रात केव्हाच पोहोचली होती. मात्र त्या लयीत आपल्या मातृभाषेत गाणारा समर्थ कंठ पुढे येण्यास आणखी काही वर्षे जावी लागली.

लोर्ना यांचा जन्म 1946 साली मुंबईत झाला. मडगावचे ट्रम्पेट व सॅक्सोफोनवादक आणि रचनाकार ख्रिस पेरी यांच्या वाद्यवृंदात त्या तरुण वयातच गाऊ लागल्या. चर्चगेट येथील ॲस्टोरिया हॉटेलातील ‘व्हेनिस’ या नृत्यगृहात या जोडीने लौकिक मिळविला. प्रारंभी इंग्रजी गीते गाणाऱ्या या गायिकेने पेरी यांच्या कोकणी रचना गाइल्या, आणि ‘बेब्दो’, ‘पिसो’, ‘नाचूंया कुंपासार’ इत्यादी गीते ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने घरोघरी गेली. ‘कुंपास’ म्हणजे ताल. हा शब्दच पोर्तुगीजमधून कोकणीत रुजलेला आहे. परक्या तालाला घरचे करून घेण्याची कोकणीची सवय जुनी होती. लोर्ना यांच्या गाण्यात तिला नवे रूप लाभले.

हे कसे साधले? त्याचे एक कारण भाषेच्या घडणीत शोधावे लागते. मराठीत जो ‘पिसा’, तो कोकणीत ‘पिसो’. मराठीतील अनेक आकारान्त पुल्लिंगी शब्द कोकणीत ओकारान्त असतात. आकार मोकळा असतो, तर ओकार उच्चारताना ओठ गोल होतात आणि स्वर आत घोळतो. लोर्ना यांचा भरदार, किंचित खरखरीत आवाज या ओकारावर विसावतो तेव्हा त्यास पितळी वाद्याचा घुमारा येतो. त्यामुळे ट्रम्पेटने दिलेले उत्तर आणि कंठाने केलेला प्रश्न एकाच जातीचे वाटतात. दुसरे कारण लयीचे आहे. जॅझमध्ये चार मात्रांपैकी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर वजन पडते आणि गायक शब्द मात्रेच्या किंचित मागे रेंगाळत ठेवतो. लोर्ना यांच्या गाण्यात हे रेंगाळणे बोलण्याच्या ढंगाशी एकरूप होते. उपरोध, लाडिक तक्रार, धिटाई हे भाव त्या शब्दार्थाइतकेच या विलंबातून व्यक्त करतात.

यावर एक आक्षेप संभवतो. जॅझचा प्राण उत्स्फूर्त विस्तारात आहे, आणि ही तर मोजक्या मिनिटांची, आधी बांधलेली नृत्यगीते आहेत. मग त्यांना जॅझ का म्हणावे? आक्षेपात तथ्य आहे. वाद्यवादकांस मिळणारा दीर्घ विस्ताराचा अवकाश येथे नाही. परंतु ज्याप्रमाणे ठुमरीत एकाच शब्दाच्या फेकीतून निराळा भाव उभा राहतो, तद्वत येथेही उत्स्फूर्तता शब्द उचलण्याच्या व सोडण्याच्या क्षणात दडलेली आहे. ती स्वरलिपीत लिहिता येत नाही. रचना पेरी यांची खरी, पण जे ऐकून श्रोता ती रचना ओळखतो ते लोर्ना यांचे कर्तृत्व होय.

या विधानाची कसोटी त्यांच्या चरित्रानेच पाहिली. सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी ही जोडी फुटली. पेरी यांच्याशी झालेल्या करारामुळे लोर्ना यांना अन्य वाद्यवृंदांबरोबर गाता येईना, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. सुमारे दोन तपे हा आवाज व्यासपीठावरून लुप्त झाला. 1995 साली रॉनी मोन्सेरात यांच्या संगीतसाथीने पणजीजवळच्या मिरामार येथे त्या पुन्हा उभ्या राहिल्या, तेव्हा विशाल जनसमुदाय लोटला. पेरी 2002 साली निवर्तले. पुढे 2014 साली या दोघांच्या जीवनावरून स्फुरलेला ‘नाचूंया कुंपासार’ हा बार्द्रॉय बार्रेतो यांचा चित्रपट आला व त्यास राष्ट्रीय पुरस्कार लाभला. या पुनरागमनाचे कौतुक रास्तच आहे. तथापि गायिकेच्या पंचविशीपासून पन्नाशीपर्यंतचा, म्हणजे कंठ परिपक्व होण्याचा काळ, ध्वनिमुद्रणावाचून गेला. ही हानी कोणत्याही गौरवाने भरून निघत नाही. रचना कागदावर राहते, आणि न गाइलेला स्वर मात्र कोठेच राहत नाही.

खान्देशास या हानीचा अर्थ निराळ्या अंगाने परिचित आहे. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी 1951 साली वारल्या व 1952 साली त्यांची गाणी ग्रंथरूप झाली. सोपानदेवांनी जपलेल्या हस्तलिखितामुळे शब्द वाचले. परंतु ज्या गळ्यातून ते जात्यावर व शेतात निघाले तो गळा, त्याचे थांबे आणि हेलकावे कागदास टिपता आले नाहीत. आज बहिणाबाईंचे काव्य अभ्यासिले जाते, त्यांचे गाणे नव्हे. लोर्ना यांच्या बाबतीत स्वर मिळाला, पण मधली वर्षे हरवली.

दोन्ही उदाहरणांतून एकच निष्कर्ष निघतो. गायनाच्या अभ्यासात स्वर हीच मूळ संहिता मानली पाहिजे. वरातीच्या बँडांबरोबर अहिराणी गीते गाणारे गायक-गायिका खान्देशात आहेत. त्यांचे नाव, गाव व साल यांच्या नोंदीसह ध्वनिमुद्रण करणे, हे शब्दसंग्रहाइतकेच निकडीचे संशोधनकार्य होय.