स्लाइड डिजिटल झाली, नोंद मात्र हरवली

आमच्या सरांनी कोकण किनाऱ्याच्या जुन्या स्लाइड्सचा डबा माझ्याकडे दिला. किनाऱ्याची धूप बघायची तर जुने फोटो लागतातच. विभागात स्लाइड स्कॅनर नाही, म्हणून घरीच कॅमेऱ्याने त्यांचे फोटो काढले. पद्धत चांगली आहे. ती ज्या प्रकारे शिकवली जाते, त्याबद्दल माझी तक्रार आहे.

आधी चांगलं सांगते. एकदा मांडणी बसली की स्कॅनरपेक्षा काम कितीतरी भरभर होतं. ३५ मिमी स्लाइडची चौकट साधारण ३६ × २४ मिमी. २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा आणि १:१ मॅक्रो लेन्स असेल तर ३६ मिमीवर ६००० पिक्सेल मिळतात, म्हणजे इंचाला सुमारे ४२००. आपल्या कामाला एवढं पुष्कळ झालं.

पण बहुतेक सल्ला लेन्स, स्टँड आणि मेगापिक्सेलवरच संपतो. नोंदींचं काय, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. चौकट क्रॉप करून टाकली आणि एका फोटोत समुद्र डावीकडे दिसला म्हणून तो उत्तरेकडे तोंड करून काढलाय असं धरलं. कोकणात समुद्र पश्चिमेला, त्यामुळे तर्क बरोबरच होता! आठवडाभर किनाऱ्याच्या उत्तर टोकाच्या आजच्या फोटोंशी तो जुळवत बसले. जुळेना. शेवटी मूळ स्लाइड काढली, तर पुठ्ठ्यावर सरांच्या अक्षरात लिहिलेलं: 'दक्षिणेकडे बघताना'. स्लाइड मी उलटी ठेवली होती.

जुळलं नाही हे नशीब. जुळल्यासारखं वाटलं असतं, तर धूप भलत्याच टोकाला दाखवून मोकळी झाले असते.

फिल्मची एक बाजू चकचकीत असते, दुसरी थोडी मंद. तिरप्या उजेडात मंद बाजूवर चित्राचा हलका उठाव दिसतो. चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे ठेवली की चित्र सरळ येतं. आणि त्याआधी पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंचा, वरून उजेड देऊन, साधा फोटो घ्या. वेळ लागतो, पण तारीख आणि ठिकाण तिथेच असतं.

दुसरी तक्रार 'ऑटो कलर' बटणाबद्दल. फिकी पडलेली स्लाइड त्याने छान दिसते, पण ते रंग सॉफ्टवेअरने अंदाजाने लावलेले असतात. ओली वाळू कुठे संपते हे रंगावरून ठरवणार असाल, तर तुम्ही तो अंदाजच मोजताय. एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा, व्हाइट बॅलन्स स्लाइड नसताना नुसत्या दिव्यावर घ्या, रॉ फाइलला हात लावू नका. सुधारणा कॉपीवर करा आणि काय केलं ते लिहून ठेवा.

लॅबमधली वही आपण फाडत नाही ना? स्लाइडचा पुठ्ठा म्हणजे तीच वही. आणि काम झालं म्हणून डबा रद्दीत देऊ नका. माझी चूक त्या डब्यामुळेच सापडली.