बक्षीस मिळाले, लेख कुठे आहे?

मराठी भाषा संवर्धन पंधरवडा जानेवारीत सुरू होतो आणि २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनापर्यंत उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या शाळा-महाविद्यालयांच्या फलकांवर निबंध, काव्य आणि कथालेखन स्पर्धांची पत्रके लागलेली असतात. विषय पाठ झालेले: ‘माय मराठी’, ‘पाणी वाचवा’, ‘मोबाइल: शाप की वरदान’. मग परीक्षकांचे मनोगत, पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्र आणि स्थानिक वृत्तपत्रात फोटो. फोटोत विजेते दिसतात. त्यांनी काय लिहिले होते ते कुणालाच वाचायला मिळत नाही. लेखन स्पर्धेतून लेखनच गायब व्हावे आणि त्याचे कुणाला काही वाटू नये, ही या उपक्रमांची आजची अवस्था आहे.

दोष एकट्या शाळांचा नाही. आंतरविद्यापीठीय युवा महोत्सवाच्या साहित्य विभागात वर्षानुवर्षे प्रश्नमंजूषा, वक्तृत्व आणि वादविवाद हेच प्रकार प्रमुख राहिले. तिन्ही तोंडाने करायचे. टाळ्या पडतील अशा वाक्यांची सवय मुलांना तिथे लागते आणि ती पुढे कथेतही उतरते. शेवटच्या परिच्छेदात उपदेश नसेल तर गुण कापले जातील, ही भीती आठवीतल्या मुलालाही ठाऊक असते.

उल्हासनगरात आणखी एक अडचण आहे. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेल्या सिंधी निर्वासितांचे हे गाव. १९४९ साली त्याला आजचे नाव मिळाले. इथल्या कितीतरी मुलांच्या घरात सिंधी, वर्गात इंग्रजी आणि रस्त्यावर मराठी-हिंदीची सरमिसळ असते. पत्रकावर मात्र ‘मराठी माध्यम’ आणि ‘इंग्रजी माध्यम’ असे दोनच गट. आजीची सिंधी आणि रिक्षावाल्याची मराठी एकाच कथेत आणणाऱ्या मुलीने कोणत्या गटात नाव द्यायचे? परीक्षक तिच्या वहीवर ‘अशुद्ध’ असा शेरा मारतील आणि पुढे जातील. मला तर या पट्ट्यातले सगळ्यात ताजे गद्य तिच्याच वहीत सापडेल असे वाटते.

याच पट्ट्यातली काही माणसे कल्याणच्या आधारवाडी जिल्हा कारागृहात किंवा तळोजाच्या मध्यवर्ती कारागृहात असतात. त्यांच्यासाठी लेखन स्पर्धा ही कल्पना ऐकून भुवया उंचावतात. वास्तविक मराठीइतकी तुरुंगाची ऋणी भाषा क्वचितच असेल. ‘गीतारहस्य’ मंडालेत लिहिले गेले. विनोबांची गीताप्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. त्याच गुरुजींनी पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. पण हे सारे राजकीय कैदी होते, म्हणून आपण त्यांना हार घालतो. चोरीच्या आरोपाखाली आत गेलेल्याने कविता केली की तीच भाषा अचानक संशयास्पद होते.

याबाबत एक निवाडा फारसा कुणाला आठवत नाही. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असलेले प्रभाकर संझगिरी यांनी तुरुंगात अणुविज्ञानावर मराठी पुस्तक लिहिले आणि प्रकाशनासाठी हस्तलिखित पत्नीकडे पाठवण्याची परवानगी मागितली. राज्य सरकारने ती नाकारली. उच्च न्यायालयात सरकार हरले, आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरले. स्थानबद्धतेच्या अटींत पुस्तक लिहिण्या-छापण्यावर बंदी नसताना ते अडवता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. हस्तलिखित कारागृहाच्या दाराबाहेर जाऊ शकते हे एका मराठी पुस्तकामुळे ठरले, आणि तरीही २०२२ मध्ये तळोजात गौतम नवलखा यांना पी. जी. वुडहाउसचे विनोदी पुस्तक सुरक्षेचे कारण देऊन नाकारल्याचा विषय मुंबई उच्च न्यायालयासमोर यावा! जिथे पुस्तक आत जाणे कठीण, तिथून कथा बाहेर येणे किती कठीण असेल याचा अंदाज करावा.

काहीच होत नाही असे नाही. राज्यातल्या बंद्यांसाठी २०२२ मध्ये संत तुकोबारायांच्या नावाने अभंग आणि भजनांची करंडक स्पर्धा झाली. उपक्रम चांगला, पण तिथेही दुसऱ्याचे शब्द गायचे आहेत. स्वतःचे लिहायला सांगतो तेव्हा आपण ‘पश्चात्ताप’ नाहीतर ‘माझी चूक’ असा विषय पुढे करतो. देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत. खटला संपलेला नाही, गुन्हा सिद्ध झालेला नाही. अशा माणसाने आत्मकथन लिहिले तर ते उद्या त्याच्याच विरुद्ध वापरले जाण्याची धास्ती राहणार, म्हणून तो खोटे तरी लिहील किंवा गुळमुळीत तरी. त्याला कथा हवी, कल्पना हवी, टोपणनाव हवे. आठवीतल्या मुलाचा उपदेश आणि बंद्याचा पश्चात्ताप हे एकाच परीक्षकाला खूश करण्याचे दोन प्रकार आहेत.

ब्राझीलमध्ये २०१२ पासून पुस्तक वाचून त्यावर टिपण लिहिले की शिक्षेतले चार दिवस कमी होतात, वर्षाला बारा पुस्तकांपर्यंत. योजना मोहक आहे, पण आपल्या कच्च्या कैद्याची कमी करायला अजून शिक्षाच नाही. ब्रिटनमध्ये आर्थर कोस्लर यांच्या पुढाकाराने १९६२ साली सुरू झालेले पुरस्कार मला अधिक जवळचे वाटतात. तिथे बक्षीस न मिळालेल्या अनेकांनाही त्यांच्या कामावर लेखी अभिप्राय मिळतो. आपल्या कुठल्या स्पर्धेत हरलेल्याला दोन ओळी तरी लिहून मिळतात?

त्यासाठी फार पैसा लागत नाही. बदलापुरात श्याम जोशी यांनी उभे केलेले ग्रंथसखा वाचनालय जुनी मराठी नियतकालिके जपते. ती चाळणाऱ्याला कळते की आपल्याकडे नवखा लेखक संपादकाच्या पत्रांनी घडत असे, करंडकाने नव्हे. शाळेचे हस्तलिखितही तेच करत होते: मजकूर शिक्षकाकडून दुरुस्त होऊन यायचा, पुन्हा लिहावा लागायचा आणि मग वर्गात हातोहात फिरायचा.

या फेब्रुवारीत स्पर्धा घेणाऱ्या मंडळांना म्हणून विनंती आहे. पाहुण्यांच्या शाली-श्रीफळाचा खर्च वाचवून निवडक लेखनाची साधी पुस्तिका काढा. विषय देऊ नका, भाषेचे गट मोडा, प्रत्येक वहीवर चार ओळींचा अभिप्राय लिहा. आणि एक पत्रक उल्हासनगरच्या शासकीय बालगृहांत, एक आधारवाडीच्या अधीक्षकांकडे पाठवा. परवानगी नाकारली गेली तर ती लेखी मागा. १९६५ चा निवाडा सोबत जोडा.