कोशलेखनाचा आचार आणि त्याची मराठी परिभाषा

प्रत्येक ज्ञानकोशामागे एक आचार असतो. कोणी लिहावे, कोणी तपासावे, मतभेद झाल्यास अखेरचा शब्द कोणाचा मानावा, या प्रश्नांची उत्तरे तो आचार देतो. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशात ती मुख्यतः संपादकाच्या अधिकारातून मिळत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, त्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव व नोंदीमागे संपादनाची यंत्रणा अशी योजना होती. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झालेल्या आणि १ मे २००३ पासून मराठीतही चालत असलेल्या विकिपीडियाने हा क्रम उलटा केला. येथे लेखाखाली लेखकाचे नाव नसते. परंतु लेखाच्या इतिहासात प्रत्येक फेरफार, तो करणाराची खूण व वेळ यांसह नोंदलेला असतो. परीक्षण प्रसिद्धीपूर्वी न होता प्रसिद्धीनंतर होते.

जेथे नियुक्त संपादक नाही, तेथे संपादकाचे काम संकेतांकडे येते. हे संकेत नवा लेखक कसा शिकतो, हा खरा प्रश्न होय. नियमांची पाने वाचून शिकतो, हे उत्तर अपुरे आहे. पुष्कळदा तो आधी लिहितो आणि आपले लिखाण कोणी उलटविले म्हणजे नियम होता हे त्यास कळते. त्याआधी त्याला भेटतात ती जागांची व व्यवहारांची नावे. म्हणून या आचाराची परिभाषा हीच त्याची पहिली शिक्षिका ठरते, आणि तिची परीक्षा करणे अवश्य आहे.

सरावाच्या पानाला इंग्रजीत मुलांच्या खेळण्यातील वाळूच्या खड्ड्याचे नाव आहे. मराठीत त्यासाठी 'धूळपाटी' हा शब्द योजिला गेला. जुन्या शाळेत पाटीवर धूळ पसरून मुले बोटाने अक्षरे गिरवीत व हाताने पुसून पुन्हा काढीत. इंग्रजी नावातील खेळाच्या जागी येथे अध्ययन आले. चुकणे हा शिकण्याचाच भाग आहे आणि चुकलेले पुसता येते, हा या कोशाच्या आचाराचा गाभा एका शब्दाने सांगितला. 'सांगकाम्या' हा शब्दही तसाच मार्मिक आहे. ठरावीक फेरफार आपोआप करणाऱ्या यंत्रक्रमाला हे नाव देताना त्यातील किंचित उपहास कायम राहिला, आणि दोष सांगितलेले करणाराकडे नसून सांगणाराकडे असतो, हेही सूचित झाले.

'चावडी'च्या बाबतीत मात्र विचार करणे प्राप्त आहे. सामायिक चर्चेच्या या पानाचे इंग्रजी नाव गावातील पाण्याच्या पंपावरून आले आहे. पाणी भरता भरता सहज होणारे बोलणे त्यात अभिप्रेत आहे. मराठीत त्याचा 'पाणवठा' करता आला नसता. ज्या समाजात पाण्याला स्पर्श करण्याच्या हक्कासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला सत्याग्रह करावा लागला, तेथे पाणवठा हा शब्द सहज मिसळण्याचा वाचक होऊ शकत नाही. परंतु चावडीही निष्पाप नव्हे. तेथे पाटील-कुलकर्णी बसत, सारा वसूल होई, तंट्यांची चौकशी होई. आणि तेथे कोणी बसावे व कोणी उभे राहावे हे जातीने ठरलेले असे. परिणामी या शब्दाबरोबर गप्पांऐवजी फिर्याद आणि निवाडा यांची छाया येते. 'कौल' या शब्दाचेही असेच. अरबीतून आलेल्या या शब्दाला जुन्या राज्यव्यवहारात अभयवचनाचा, कोकण-गोमंतकातील देवळांत देवाच्या आज्ञेचा आणि आजच्या राजकारणात मतमोजणीच्या निकालाचा अर्थ आहे. उलट विकिपीडियाचा मूळ संकेत असा की, निर्णय चर्चेतून उपजणाऱ्या सहमतीने व्हावा. केवळ डोकी मोजून होऊ नये. कौल या शब्दाच्या कोणत्याही अर्थात चर्चेला स्थान नाही.

तथापि, हे सारे शब्द भाषेच्या आतून आले आहेत, आणि म्हणूनच त्यांच्याशी वाद तरी घालता येतो. खरी अडचण भाषांतरित नियमांची आहे. 'तटस्थ दृष्टिकोन' हा नियम घ्यावा. इंग्रजीत चरित्रनायकाविषयी लिहिताना सर्वनामात आदर वा अनादर दाखविण्याची सोय नाही. त्यामुळे इंग्रजी नियमाला त्याविषयी बोलण्याचे कारण पडले नाही. मराठीत मात्र 'त्याचा जन्म' की 'त्यांचा जन्म', 'तो गेला' की 'ते गेले', ही निवड पहिल्याच वाक्यात करावी लागते आणि ती टाळता येत नाही. एका कवीला 'ते' आणि दुसऱ्याला 'तो' म्हटले की तटस्थता व्याकरणातच ढळते. भाषांतरित नियम 'थोर', 'महान' ही विशेषणे गाळावयास सांगतो, ते रास्तच आहे. परंतु आदरार्थी बहुवचनाविषयी तो मुका आहे. मग एखाद्याने श्रद्धेने लिहिलेले आदरवाचक पद दुसरा कारण न देता काढून टाकतो. काढणाराच्या मते वाक्य शुद्ध झाले; लिहिणाराच्या मते पूज्य व्यक्तीचा अवमान झाला. दोघेही प्रामाणिक असतात; उणीव असते ती मधल्या संकेताची.

अशा प्रसंगांची किंमत लहान नाही. इंग्रजी विकिपीडियात सक्रिय लेखकांची संख्या २००७ च्या सुमारास शिखरास पोहोचून पुढे घटत गेली. एरन हाफेकर व सहकारी यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या घटीचा संबंध नवागतांचे चांगले लिखाणही फेटाळले जाण्याशी आणि नियम घट्ट होत जाण्याशी दाखविला आहे. इंग्रजीला ही हानी सोसते. जेथे नित्य लिहिणारेच थोडे, तेथे एक जण दुखावून गेला तर त्याच्याबरोबर एखादा विषयच जातो.

आधाराच्या नियमाचाही येथेच विचार केला पाहिजे. विधान पडताळून पाहता आले पाहिजे, त्यास प्रसिद्ध आधार हवा, हा नियम शिथिल करावा असे कोणी सुचवील तर ते घातक होय. संतांची जात, किल्ल्यांचा इतिहास, गावांची नावे यांवर अभिनिवेशाने लिहिले जाणाऱ्या भाषेत हाच नियम दुर्बळाचे रक्षण करतो. परंतु मराठीतील पुष्कळ ज्ञान अद्याप छापलेलेच नाही. जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण बोलके आहे. गी पॉइटव्हँ व हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या, आणि २०१७ पासून त्या क्रमशः लोकांसमोर आल्या. जे कालपर्यंत केवळ कंठस्थ होते, ते त्यामुळे आधार म्हणून दाखविण्याजोगे झाले. नियम वाकवावा लागला नाही. नियमाला पुरेल असे साधन निर्माण करावे लागले.

यावरून मराठी विभागांचे कर्तव्य स्पष्ट होते. आदरार्थी रूपांचा संकेत, काढून टाकण्याचे कारण सौम्यपणे सांगण्याची रीत आणि नावाआधीच्या उपाधींचा नियम हे इंग्रजीकडून उसने मिळणार नाहीत. ते मराठीच्या व्याकरणावरून व समाजव्यवहारावरून लिहावे लागतील. बोलींचे शब्दसंग्रह, कारागिरांची परिभाषा आणि स्थानिक इतिहास यांची कपाटात पडून राहणारी प्रबंधिका-सामग्री प्रसिद्ध करणे, हा त्याच कार्याचा दुसरा भाग होय. ही दोन्ही कामे झाली नाहीत, तर मराठीतील या कोशाचा आचार धूळपाटीऐवजी चावडीवरच शिकला जाईल. आणि चावडीवर निवाडा ऐकून परतलेला माणूस पुन्हा लिहावयास येईलच, असे नाही.