जुन्या मोटारींचा मूळ पाठ

जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार करण्याची हौस आपल्याकडे वाढत आहे, ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु मेळाव्यांत मांडलेल्या अशा गाड्या पाहतांना आमच्या मनांत एक शंका वारंवार येते : हें जें झळकतें आहे, त्यांत जुनें किती आणि मागाहून घातलेलें किती? ग्रंथाचा संपादक प्रक्षिप्त श्लोक वेगळे काढतो, तशी दृष्टि या कलेंतहि हवी; तिचाच येथें अभाव दिसतो.

फोर्डची ‘मॉडेल ए’ ही गाडी घेऊं. १९२८-२९ च्या गाडीच्या रेडिएटरच्या चौकटीवर निकेलचा मुलामा असे. १९३० पासून ती चौकट स्टेनलेस स्टीलची झाली. चाकें आधीं २१ इंची, नंतर १९ इंची. तेव्हां १९२८ च्या गाडीला १९ इंची चाकें दिसलीं, तर तीं मागाहून आलीं हें ओळखण्यास यंत्रशास्त्र पढावें लागत नाहीं, मोजपट्टी पुरे. मुलाम्याचें प्रकरण मात्र नाजूक आहे. निकेलची झांक किंचित् पिवळसर व ऊबदार, क्रोमियमची निळसर व थंड. हल्लीं चकाकणाऱ्या प्रत्येक भागावर सरसकट क्रोमियम चढवितात. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांवचा चांदीचा बाजार साऱ्या वऱ्हाडांत नांवाजलेला आहे. चांदी कोणती व मुलामा कोणता, हें पाहिल्यावांचून तेथें गिऱ्हाईक पैसा सोडीत नाहीं. तोच गृहस्थ मोटारीपुढें उभा राहिला कीं नुसत्या चकाकीला भुलतो!

आपल्याकडील गाड्यांत आणखी एक पेंच आहे. फोर्डचा येथील व्यापार कॅनडांतील शाखेकडे होता. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें गाड्यांची जुळणी सुरू केली. म्हणून केवळ अमेरिकेंत छापलेल्या पुस्तकावरून इकडची गाडी ताडून पाहणें धोक्याचें. खरी साक्ष त्या गाडीच्याच अंगावर असते. मडगार्डची आंतली बाजू, बिजागरीखालची जागा येथें पहिला रंग पुष्कळदां टिकून राहतो. दिव्याशेजारीं बुजविलेलें भोंक सांपडलें, तर कांहीं तरी काढलें वा हलविलें गेलें, हें उघड आहे. पण जीर्णोद्धारक पहिल्याच दिवशीं सारा पत्रा घासून पांढरा करतो! साक्षीदाराला प्रश्न विचारण्यापूर्वींच त्याचें तोंड बंद होतें.

केंद्रीय मोटार-वाहन नियमांत २०२१ सालीं ‘विंटेज’ गाडीची व्याख्या आली. पहिल्या नोंदणीस ५० वर्षें लोटलेली व मूळ स्वरूपांत राखलेली गाडी तींत बसते; सांगाडा, बाह्य कवच व यंत्र यांत मोठा फेरफार चालत नाहीं. दिवे, चाकें, मुलामा यांचा त्यांत नामनिर्देश नाहीं. तें मालकाच्या विवेकावर राहिलें आहे, आणि तेथेंच आमची भीति.

नवा भाग मुळींच बसवूं नये, असा आमचा आग्रह नाहीं. दिवा फुटला तर दुसरा लावणें भागच आहे. मात्र जुना जपावा, आणि काय, केव्हां, कां बदललें याची टिपणवही गाडीबरोबर असावी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९६६ मध्यें पुरी केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत वगळलेले श्लोकहि तळटीपांत व परिशिष्टांत राखले आहेत. मोटारीच्या बाबतींत तर एक वही आणि एक पेटी एवढ्यावर काम भागतें.